किफिस्या पायी समजून घ्या: अथेन्सच्या उत्तर टोकाला नव्याने येणाऱ्यांसाठी

अथेन्समध्ये घर शोधायला लागलं की पहिल्याच आठवड्यात ‘किफिस्या’ हे नाव कानावर येतं. त्याच्यासोबत तीन वाक्यं हमखास येतात: महाग आहे, झाडं खूप आहेत, गारवा असतो. तिन्ही खरी आहेत आणि तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे पाणी. हे उपनगर समजून घ्यायचं असेल तर दुकानांच्या रस्त्यावरून सुरुवात करू नका. पाण्याचा माग काढत चाला. अडीच हजार वर्षांत इथे जो कोणी राहायला आला, तो पाणी आणि सावली बघूनच आला.

खाली दिलेला क्रम एका दिवसाचा आहे. सकाळी नऊच्या सुमारास निघालात तर संध्याकाळपर्यंत सगळं आरामात होतं. पायात चालायचे बूट हवेत, कारण रस्ता चढाचा आहे आणि फुटपाथ झाडांच्या मुळांनी जागोजागी उचलले गेले आहेत.

पायरी १: निघण्याआधी नकाशा डोंगरांत बसवा

अथेन्स एका मोठ्या परातीत वसलंय. परातीची एक बाजू, नैर्ऋत्येची, समुद्राकडे उघडी आहे. बाकी तिन्हीकडे डोंगर आहेत: पश्चिमेला बुटका एगालेओ, उत्तरेला पार्निथा (१,४१३ मीटर), ईशान्येला पेंतेली (१,१०९ मीटर) आणि पूर्वेला इमितोस (१,०२६ मीटर). किफिस्या शोधायचं तर पार्निथा आणि पेंतेली यांच्यामधली खिंड शोधा. त्या खिंडीच्या तोंडाशी, पेंतेलीचा उतार जिथे सपाटीला टेकतो, तिथे हे गाव आहे. शहराच्या मध्यापासून अंतर साधारण चौदा किलोमीटर.

या जागेमुळे दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे उत्तरेचा वारा खिंडीतून थेट गावात शिरतो. जुलै-ऑगस्टमध्ये शहराच्या मध्यावरच्या ओमोनिया चौकात अंगाची लाही होत असताना इथे संध्याकाळी पातळ शाल लागते. दुसरी गोष्ट जमिनीखालची. पेंतेली हा संगमरवराचा डोंगर. पार्थेनॉन ज्या पांढऱ्या दगडाचं आहे तो इथलाच. संगमरवराच्या भेगांतून पावसाचं पाणी आत झिरपतं आणि खाली पाणी न जिरवणारा थर लागला की पायथ्याशी झरा होऊन बाहेर येतं. अशा झऱ्यांवर किफिस्या उभं आहे. गावाचं नावही किफिसोस या नदीशी जोडलेलं आहे. ही नदी उत्तरेच्या डोंगरांतून निघून अथेन्सच्या पश्चिम अंगाने फालिरोच्या खाडीत जाते. शहरात तिचा खालचा बराचसा भाग आता हमरस्त्याखाली गाडला गेलाय. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. नदी बघायची इच्छा असेल तर वरच्या अंगालाच बघावी लागते.

पायरी २: नावात फसू नका

ही पायरी लहान असली तरी सोडू नका. गावाचं नाव ‘किफिस्या’, जोर शेवटच्या ‘या’वर. शहरातून गावाकडे येणाऱ्या मोठ्या रस्त्याचं नाव ‘किफिसीयास’. ग्रीकमध्ये लिहिताना अक्षरांत फरक एवढाच की रस्त्याच्या नावाच्या शेवटी एक जास्तीचा ‘स’ असतो. विमानतळावरून येणाऱ्या उपनगरी रेल्वेवर ‘किफिसीयास’ नावाचं स्टेशन आहे. ते त्या रस्त्यावर आहे, किफिस्या गावात नाही. गाव तिथून कित्येक किलोमीटर पुढे. पहिल्या खेपेला मी दोन बॅगा घेऊन तिथेच उतरले होते आणि समोर गाव नसून गाड्यांनी भरलेला हमरस्ता दिसला. नवीन आलेल्या प्रत्येकाला मी सर्वात आधी हेच सांगते.

विमानतळावरून येताना उपनगरी रेल्वेने ‘नेरांझिओतिसा’पर्यंत या आणि तिथे मेट्रोची पहिली मार्गिका पकडून उत्तरेकडे जा. नाव लांबलचक वाटतं, पण त्यातला ‘नेरांझी’ म्हणजे आपलं नारिंग. शब्दाचं मूळ एकच. तो आपल्याकडूनच इराण, अरबस्तान करत तिकडे पोहोचला. अथेन्सच्या फुटपाथांवर जी कडू संत्र्यांची झाडं दिसतात ती हीच.

पायरी ३: हिरव्या मार्गिकेने शेवटपर्यंत या

शहरातून येत असाल तर काम सोपं आहे. मेट्रोची पहिली मार्गिका नकाशावर हिरव्या रंगात असते. ती पिरेअस बंदरातून निघते आणि २४ स्टेशनं घेत किफिस्याला संपते. जुने लोक तिला अजून ‘इलेक्त्रिकोस’, म्हणजे विजेची गाडी, म्हणतात. ओमोनियाहून अर्धा-पाऊण तास लागतो. तिकीट गेटवर टेकवून आत जा आणि बाहेर पडेपर्यंत जपून ठेवा, तपासनीस मध्येच येतात. मार्गिका बहुतांश जमिनीवरून जाते, म्हणून खिडकीजवळ बसा. पाताळातून वर आल्यावर पेंतेलीचा डोंगर हळूहळू उजव्या हाताला जवळ येताना दिसतो, इमारती बुटक्या होत जातात आणि मारुसी मागे पडलं की पाइनची झाडं सुरू होतात. शेवटून दुसरं स्टेशन ‘कात’ हे अपघातग्रस्तांच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाचं. ते लक्षात ठेवून असावं.

या गाडीनेच आजचं किफिस्या घडवलं. १८८५ साली अथेन्सहून इथपर्यंत वाफेची गाडी सुरू झाली. तिच्या धुराला आणि आवाजाला बिचकून लोकांनी तिला ‘थिरियो’, म्हणजे श्वापद, हे नाव दिलं. त्याआधी किफिस्याला यायचं म्हणजे खेचरावरून किंवा घोडागाडीतून अर्धा दिवस घालवायचा. गाडी आली आणि अथेन्सच्या पैसेवाल्यांना उन्हाळ्यात इथे बिऱ्हाड थाटून रोज शहरात कामाला जाणं शक्य झालं. १९३८ साली ते श्वापद थांबलं. मग एकोणीस वर्षं रेल्वेच नव्हती. १९५७ च्या ऑगस्टमध्ये विजेची गाडी इथवर पोहोचली. घरांच्या बांधणीतही हे दोन टप्पे वेगळे ओळखू येतात. वाफेच्या काळातली घरं म्हणजे बागेच्या मधोमध उभे असलेले मनोरे आणि लाकडी नक्षीचे सज्जे. विजेच्या गाडीनंतरची घरं म्हणजे तीन-चार मजली इमारती, प्रत्येक मजल्याला रुंद गॅलरी आणि तिच्यावर कापडी छत.

पायरी ४: स्टेशनसमोरच्या बागेत थोडं थांबा

स्टेशनाबाहेर पडलात की समोरच ‘आल्सोस’ ही सार्वजनिक बाग आहे. १९३७ पासून वसंतात इथे फुलांचं प्रदर्शन भरतं. एप्रिल-मेमध्ये आलात तर रोपं विकत घ्यायला याहून चांगली जागा नाही. तुळशीच्या जातीचा ‘वासिलिकोस’ही मिळतो. त्याचा वास आपल्या तुळशीसारखा नाही, सब्जाच्या जवळ जाणारा आहे. ग्रीक घरांत खिडकीत त्याची कुंडी असतेच.

बाग ओलांडून पूर्वेकडे चाला. मुख्य रस्ता लागतो, तोच तो किफिसीयास. तो ओलांडलात की प्लातानोस चौक.

पायरी ५: प्लातानोस चौकात घाई करू नका

‘प्लातानोस’ म्हणजे काश्मीरचा चिनार. अगदी तीच जात. चिनाराला मुळाशी पाणी लागतं, म्हणून ग्रीसमध्ये कुठेही जुना चिनार दिसला की खाली झरा किंवा ओढा आहे असं समजायचं. उस्मानी काळात या चौकात चिनाराखाली पाणवठा होता आणि शेजारी मशीद होती. आज चौकात गाड्यांची वर्दळ असते आणि बहुतेक लोक सिग्नल सुटायची वाट बघत उभे असतात. त्यांच्यापासून पाच पावलांवर, छप्पर घातलेल्या एका छोट्या दगडी वास्तूत, संगमरवराच्या रोमन शवपेट्या आहेत. जाळीतून आत डोकावा. एका पेटीवर लेडा आणि हंसाची ग्रीक पुराणकथा कोरलेली आहे.

या पेट्या बहुधा हिरोडीस अॅटिकस याच्या कुटुंबातल्या माणसांच्या असाव्यात असं अभ्यासक मानतात. हिरोडीस (इ. स. १०१ ते १७७) हा दुसऱ्या शतकातला अथेन्सचा सर्वात श्रीमंत माणूस, नावाजलेला वक्ता आणि रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसचा गुरू. अॅक्रोपोलिसच्या पायथ्याचं दगडी नाट्यगृह त्यानेच पत्नी रेगिलाच्या स्मरणार्थ बांधलं. त्याचा उन्हाळी वाडा किफिस्यात होता. ऑलस गेलियस हा लॅटिन लेखक तरुणपणी त्या वाड्यात पाहुणा म्हणून राहिला होता. लांबच लांब गर्द वृक्षराजी, स्वच्छ पाण्याची कुंडं आणि वाहत्या पाण्याच्या आवाजात मिसळलेली पाखरांची किलबिल यांचं वर्णन त्याने करून ठेवलंय.

तिथे भर उन्हाळ्यात तो जुलाब आणि तापाने आजारी पडला, हेही त्यानेच लिहिलंय. त्याचे गुरू, तत्त्वज्ञ टॉरस, भेटायला आले. गावचा वैद्य नाडी दाखवत ‘ही शीर बघा’ म्हणाला आणि ते ऐकून जमलेल्या शिष्यांत कुजबूज झाली, कारण ठोका पडतो ती शीर नव्हे, धमनी. टॉरसनी वैद्याचा अपमान न करता सौम्यपणे चूक दुरुस्त केली. गेलियसला मात्र ती गोष्ट इतकी लागली की बरा झाल्यावर तो शरीरशास्त्र वाचायला बसला. या चौकात उभी राहिले की मला हिरोडीसच्या संपत्तीपेक्षा हा अंथरुणात पडलेला मुलगा जास्त आठवतो. परक्या देशात शिकायला आलेला, पोट बिघडलेला, आणि बाहेर झऱ्याचा आवाज.

हिरोडीसची दुसरी बाजू दुःखाची आहे. त्याने वाढवलेली तीन मुलं, पॉलिड्यूकिऑन, अकिलीस आणि मेम्नॉन, तरुणपणीच गेली. त्याने त्यांचे पुतळे शेतांत, झऱ्यांकाठी, चिनारांच्या सावलीत उभे केले आणि खाली शाप कोरले: जो कोणी हे मोडेल किंवा हलवेल त्याला जमीन पीक देणार नाही, समुद्र वाट देणार नाही. असे शिलालेख किफिस्यात सापडले आहेत. १९६१ साली हिरोडीस आणि पॉलिड्यूकिऑन यांचे अर्धपुतळे इथेच जमिनीतून निघाले. ते आता अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. तिथे गेलात तर मुद्दाम शोधा; मुलगा खाली बघतो आणि म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर थकवा आहे.

किफिस्या याहूनही जुनं आहे. स्ट्राबो या भूगोलकाराने अॅटिकाच्या, म्हणजे अथेन्सभोवतालच्या प्रदेशाच्या, बारा आद्य गावांची जी यादी दिली आहे, तिच्यात याचं नाव आहे. लोकशाहीच्या काळात हे अथेन्सच्या १३९ ‘डेम’पैकी, म्हणजे ग्रामघटकांपैकी, एक होतं. नाटककार मेनांद्रोस (इ. स. पू. ४थं शतक) याच डेमचा. मराठी वाचकाला हे नाव ऐकल्यासारखं वाटेल, कारण आपला ‘मिलिंद’ यातूनच आलाय. नागसेन भिक्खूंना प्रश्न विचारणारा यवन राजा मिलिंद हा वेगळा, नाटककारानंतर सुमारे दीडशे वर्षांनी झालेला. पण नाव तेच. छत्रपती संभाजीनगरच्या मिलिंद महाविद्यालयापासून घराघरांतल्या मिलिंदांपर्यंत पोहोचलेलं नाव इथल्या नागरिकांत तेवीसशे वर्षांपूर्वी होतं, हे इथे उभं राहून आठवलं की गाव एकदम परकं वाटेनासं होतं.

पायरी ६: दुपार ओळखा

आता काहीतरी खा. कासावेती रस्त्यावर ‘वार्सोस’ हे जुनं मिठाईचं दुकान आहे. १८९२ साली अथेन्समध्ये सुरू झालेलं आणि १९३२ पासून इथे. ‘गालाक्तोबुरेको’ मागा. पातळ पापुद्र्यांत रव्याची दुधातली खीर भरून वर पाक सोडलेला असतो. साटोरी आवडणाऱ्यांना तो आवडेल. नळाचं पाणी प्यायला चालतं. आधी न मागता ते ग्लास भरून आणून ठेवतात.

दुपारी तीननंतर गाव गप्प होतं. उन्हाळ्यात तीन ते साडेपाच आणि हिवाळ्यात साडेतीन ते साडेपाच हे शांततेचे तास कायद्यानेच ठरलेले आहेत. या वेळात ड्रिल चालवायचं नाही, मोठ्याने गाणी लावायची नाहीत. मिक्सरवर वाटण करायचं असेल तर आधी करून घ्या. शेजाऱ्यांशी पहिला खटका अशा गोष्टींवरूनच उडतो. बरीच लहान दुकानं सोमवार, बुधवार, शनिवारी दुपारनंतर उघडतच नाहीत. म्हणून घरसामानाची खरेदी मंगळवार, गुरुवार किंवा शुक्रवारी ठेवा.

हा वेळ संग्रहालयाला द्यावा. लेविदू रस्त्यावरचं गुलांद्रिस निसर्ग-इतिहास संग्रहालय १९६४ साली स्थापन झालं. मुलं सोबत असतील तर तिथे दोन तास सहज जातात. निघण्याआधी वेळा फोनवर तपासून घ्या.

पायरी ७: झऱ्याकडे, चढावर

चौकातून पूर्वेला चढ चढत केफालारीला जा, पंधरा-वीस मिनिटं लागतात. ‘केफालारी’ म्हणजे झऱ्याचं तोंड. ‘केफाली’ म्हणजे डोकं, म्हणजे पाणी जिथून सुरू होतं ती जागा. आज तिथे बाग, हॉटेलं आणि कॉफीची दुकानं आहेत.

या बाजूचं पाणी शहराला किती हवंहवंसं होतं त्याचा पुरावा जमिनीखाली दडलाय. सम्राट हेड्रियनने इ. स. १२५ च्या सुमारास अथेन्ससाठी जलवाहिनी खणायला घेतली आणि १४० पर्यंत ती पुरी झाली. पार्निथाच्या पायथ्यापासून शहराच्या मध्यातल्या लिकावितोस टेकडीपर्यंत, सुमारे वीस किलोमीटरचा बोगदा उत्तर उपनगरांच्या खालून जातो. पुण्याच्या कात्रज नळाला जसे उच्छ्वास आहेत, तशा त्यालाही ठरावीक अंतरावर विहिरींसारख्या उभ्या वाटा आहेत. १९व्या शतकात हा बोगदा साफ करून पुन्हा वापरात आणला आणि १९२९ साली मॅरेथॉनचं धरण होईपर्यंत अथेन्स बऱ्याच अंशी त्यावर होतं.

केफालारीच्या गल्ल्यांतले वाडे बघताना मालकांचा धंदाही विचारात घ्या. त्यांतले कित्येक इजिप्तमध्ये कापसावर श्रीमंत झालेले ग्रीक होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस बंद झाला. त्या चार वर्षांत मुंबईत पैशाचा पूर आला, तसाच अलेक्झांड्रियातही आला. मुंबईतल्या पैशातून तिथे इमारती उभ्या राहिल्या. अलेक्झांड्रियातला काही पैसा पुढे किफिस्याच्या बागांत मुरला. अशाच एका व्यापाऱ्याची, एमानुइल बेनाकिस यांची, मुलगी पिनेलोपी देल्ता. ग्रीक मुलांसाठी लिहिणारी मोठी लेखिका. त्या इथे राहत. २७ एप्रिल १९४१ ला जर्मन सैन्य अथेन्समध्ये शिरलं, त्याच दिवशी त्यांनी जगणं संपवायचं ठरवलं, आणि २ मे रोजी त्या गेल्या. बागेतल्या त्यांच्या कबरीवर एकच शब्द आहे: ‘सिओपी’, शांतता. त्यांच्या घरात आता बेनाकी संग्रहालयाचं ऐतिहासिक दप्तर आहे. बाहेरून बघा आणि आवाज न करता पुढे जा.

पायरी ८: दुसरं किफिस्या, उत्तरेला

वाडे बघून परत फिरलात तर अर्धंच गाव बघितलं असं होईल. उत्तरेला लागूनच नेआ एरिथ्रेआ आहे. १९२२ साली आशिया मायनरमधून लाखो ग्रीकांना जीव घेऊन पळावं लागलं आणि १९२३ च्या लोझान करारानंतर लोकसंख्येची अदलाबदल झाली. इझमीरजवळच्या एरिथ्रेआ द्वीपकल्पातून आलेल्या निर्वासितांनी ही वस्ती वसवली आणि मागे राहिलेल्या भूमीचं नाव पुढे ‘नेआ’, म्हणजे नवी, लावून दिलं. गल्ल्या सरळ आणि अरुंद, प्लॉट लहान. मागच्या उतारावर मोठमोठे वाडे आणि इथे एका खोलीवर पुढे खोली चढवत वाढलेली घरं. २०११ पासून किफिस्या, नेआ एरिथ्रेआ आणि एकाली यांची नगरपालिका एक आहे.

पायरी ९: राहायचंच ठरलं तर

घर बघताना पहिला प्रश्न भाड्याचा नको, ‘थर्मान्सी’चा, म्हणजे घर तापवण्याचा, विचारा. उन्हाळ्याचा गारवा हिवाळ्यात थंडी होऊन येतो. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात उत्तर उपनगरांत झाडं तारांवर कोसळली आणि काही घरांत कित्येक दिवस वीज नव्हती. इमारतीला सामाईक तेलाचा बॉयलर आहे की प्रत्येक घराला स्वतंत्र गॅस, हे स्पष्ट विचारून घ्या. सामाईक असेल तर तो किती वाजता चालू-बंद होतो तेही. दरमहा भाड्याशिवाय ‘किनोख्रिस्ता’, म्हणजे सोसायटीचा खर्च, वेगळा असतो.

पाइनची जंगलं जवळ आहेत म्हणजे वणवाही जवळ आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये पार्निथाच्या पायथ्याची वारिबोबी-तातोई परिसरातली जंगलं जळाली. ऑगस्ट २०२४ मध्ये आग पेंतेलीवरून वस्तीपर्यंत उतरली. फोनवर ११२ चे, म्हणजे आणीबाणीच्या सरकारी क्रमांकाचे, इशारे चालू ठेवा. घर सोडा असा संदेश आला तर सामान आवरत बसू नका. पासपोर्ट, औषधं आणि पाणी भरलेली पिशवी जूनपासून दाराशी तयार असू द्या.

परतीला चढ नाही. केफालारीतून निघालात तर रस्ता आपोआप स्टेशनाकडे उतरतो, पाणीही पूर्वी त्याच दिशेने जायचं. किफिस्या टोकाचं स्टेशन असल्याने गाडी उभी असते आणि बसायला जागा मिळते. सुटायच्या आधी डाव्या बाजूच्या खिडकीत बसा. संध्याकाळी पेंतेलीच्या संगमरवराच्या जुन्या खाणींवर ऊन पडतं आणि त्या पांढऱ्या दिसतात.